दुसऱ्या वाटेचा उजेड

बारकी माझी धाकटी बहीण. पन्नाशीला टेकली तरी बारकीच. आई लवकर गेली, तिला मी वाढवलं, त्यामुळे तिला वाटेल ते बोलायचा हक्क माझा होता आणि तो मी शेवटपर्यंत सोडला नाही. खाली माझं इस्त्रीचं दुकान, वर दोन खोल्या, त्यात आम्ही दोघी. ती सकाळी बस पकडून संशोधन संस्थेत जायची आणि दिवेलागणीला डोळे चोळत परत यायची.

"काय दिवे लावलेस आज?" मी विचारायची.

"लागलेले मोजले," ती म्हणायची.

तिचं काम मला कळायला फार वर्षं गेली. एकदा दुकानात स्टुलावर बसून तिने समजावलं. फार लांब एक कृष्णविवर आहे. त्यात पडणारा वायू पडता पडता इतका तापतो, की अख्ख्या दीर्घिकेपेक्षा जास्त झळाळतो. त्याला क्वेसार म्हणायचं. आणि विवराच्या अगदी तोंडाशी आणखी एक ढग असतो, त्याहून कितीतरी गरम. तो क्ष-किरणांतच दिसतो.

"हाड मोडल्यावर काढतात ते?"

"तेच. त्या ढगाला आम्ही कोरोना म्हणतो."

"शी! दुसरं नाव नाही मिळालं?"

"आमचं आधीचं आहे! हे बघ, तुझी इस्त्री कोमट आणि तिच्यावरची वाफ हजारो पटींनी गरम, असं झालं तर?"

"तर मी दुकान बंद करीन."

"आम्ही तिथेच दुकान उघडलंय," म्हणून ती खो खो हसली.

तिचा क्वेसार आकाशात दोन ठिकाणी दिसायचा. मध्ये एक दीर्घिका आडवी आल्यामुळे त्याचा उजेड दोन बाजूंनी वळसा घालून येतो म्हणे. एक वाट जवळची, एक लांबची. म्हणून एका ठिकाणी जे आज दिसतं, तेच दुसऱ्या ठिकाणी नंतर पुन्हा दिसतं. एकदा अचानक तो ढग भडकला. उपग्रह तिकडे वळेपर्यंत निम्मं संपलं होतं. दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. बारकी मात्र घरी नाचत आली. "ताई, तेच लांबच्या वाटेने पुन्हा येणार आहे! या वेळी आपण आधीच दार उघडून बसायचं." भडका कसा चढला, कसा उतरला, हे पूर्ण दिसलं की ढग केवढा आहे ते कळणार होतं.

"एवढ्यासाठी जन्म घालवलास?"

"एवढ्यासाठीच."

उजेड यायला वर्षाच्या वर अवकाश होता. उपग्रहाची वेळ ठरली. त्या तारखेभोवती मी दुकानातल्या दोन वर्षांच्या कॅलेंडरवर लाल खडूने गोल काढला, कपड्यांवर खुणा करतो त्याच खडूने.

आणि मग तिचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या. डॉक्टरीणबाई माझ्याकडे न बघता बोलल्या, तेव्हाच मी समजले. वर्षभर, फार तर.

मी रडले ते खाली, दुकानाचं शटर ओढून. वर गेले आणि तिला दम भरला, "तुझा उजेड येईपर्यंत कुठे जायचं नाही. सांगून ठेवते."

"नाही जात," ती म्हणाली.

त्यानंतर माझ्या हातात तेवढं एकच हत्यार उरलं. तिला अन्न नको व्हायचं, वास सहन व्हायचा नाही. मी चमचा तोंडाशी धरून म्हणायची, "घे, उजेड यायचाय." ती गिळायची. सुई टोचून घ्यायची नसली तरी तेच, अंगात त्राण नसताना उठून बसायचं असलं तरी तेच. बरं वाटेल त्या दिवशी तिचे एक दाढीवाले सहकारी तिला गाडीतून कामावर न्यायचे, दुपारी सोडायचे.

कॅलेंडरवरच्या त्या गोलाच्या अलीकडेच ती गेली. माझा हात धरून, शांतपणे. मी मात्र भांडत होते, थोडं थांब, थोडं थांब म्हणून.

तारीख आली तशी मी दुकान बंद करून संस्थेत गेले. तिने नाही पाहिलं तर मी तरी विचारून यावं. दाढीवाले दचकले. खुर्ची ओढून दिली, पाणी दिलं.

"आला का हो उजेड?"

ते समोर बसले. "ताई, तो यायचा नव्हताच. तो आधीच येऊन गेला होता."

मला काही कळेना. त्यांनी हळूहळू सांगितलं. मधली म्हणून जी दीर्घिका धरली होती, ती भलतीच निघाली. नवा, स्वच्छ फोटो आला तेव्हा खरी दीर्घिका दुसऱ्या बाजूला दिसली. मग वाटा उलटल्या. जी जवळची मानली तीच लांबची. त्यांना भडका दिसला तो दुसऱ्यांदा आलेला. पहिला केव्हाच येऊन गेला, तेव्हा तिकडे कुणी बघतच नव्हतं.

"म्हणजे बैल गेला आणि झोपा केला!" मी ओरडले. "चूक कोणाची?"

"तिचीच. शोधली पण तिनेच, याच खुर्चीत बसून. उपग्रहाची वेळ तिनेच रद्द करायला लावली. मग मी तिला घरी सोडलं. हिवाळ्यातली गोष्ट."

तो दिवस मला आठवला. गाडीतून उतरून ती सावकाश जिना चढली होती, आणि आल्या आल्या तिने स्वतःहून सूप मागितलं होतं. मी वेडी, केवढी खूश झाले होते! जन्माचं काम हातातून गेलेलं, आणि माझी पोर माझ्या गळ्यात पडून रडलीसुद्धा नाही.

"मला का नाही सांगितलं?"

"मीही तिला तेच विचारलं होतं," ते म्हणाले. "म्हणाली, ताईला कळू देऊ नका. ती त्या उजेडाच्या नावाने मला भरवते. तो नाही म्हटलं, तर बिचारी काय सांगून भरवेल?"

मी उठले. बसने घरी आले. शटर वर न करताच जिना चढले.

त्या हिवाळ्यानंतर तर ती रोज सकाळी आपणहून विचारायची, "ताई, किती दिवस राहिले गं?" मी खाली जाऊन कॅलेंडर बघून यायची आणि तिला सांगायची. ती "आलेच की मग" म्हणायची आणि तोंड उघडायची.