डोळे मिटून दिलेली बांग

मिनार चढायचे ते आणि पाय दुखायचे माझे. दिवसातून पाच वेळा मी खाली दाराशी उभी राहून कान लावायचे. चढले, थांबले, खोकले, पुन्हा चढले. वरून बांग ऐकू आली की मगच माझा जीव भांड्यात पडायचा.

आमचे हे, खलफ, मोसुलातल्या रंगाऱ्यांच्या मोहल्ल्याचे बांगी. आवाज गोड होता, पण काम मिळालं ते आवाजासाठी नाही. आंधळे होते म्हणून. उन्हाळाभर आमची बायकामाणसं गच्चीवर झोपतात, तिथेच केस विंचरतात, पोरांना पाजतात. मिनारावर उभं राहिलं की सगळ्या गच्च्या उघड्या. आधीचा बांगी डोळस. बिचारा डोळ्यांना पट्टी बांधून चढायचा. एकदा पायरी चुकली आणि कंबर मोडून घरी बसला. तेव्हापासून मोहल्ल्याने ठरवलं, बांगी ठेवायचा तर आंधळाच.

हे मूळचे विणकर. ऐन उमेदीत मोतीबिंदूने डोळे गेले, माग विकला, आणि मशिदीने भिंतीलगतच्या दोन खोल्या दिल्या, वर पीठ आणि तेल. "डोळे गेले आणि घर आलं," असं मी चेष्टेने म्हणायचे. हे हसायचे. पण विहिरीपर्यंत हात धरा, ताटातलं हाताला लावून द्या, पायरी सांगा, हे करता करता मी थकून गेले होते. खोटं कशाला बोलू?

सरत्या हिवाळ्यात बगदादचा एक नेत्रवैद्य तांड्याबरोबर आला आणि पुलाजवळ उतरला. मीच यांना ओढत नेलं. वैद्याने डोळ्यासमोर दिवा इकडे-तिकडे फिरवला.

"उजेड कळतो ना? मग मोतीबिंदू पिकलाय. सुईने खाली सारतो."

परतताना हे म्हणाले, "वजीहा, दिसायला लागलं तर खायचं काय?"

"आधी दिसू तर द्या," मी म्हटलं.

वैद्याने सुई चालवली. मोहल्ल्यात सांगितलं, ताप आलाय. पट्टी सुटली तेव्हा हे माझ्याकडे बघतच राहिले.

"किती पांढरी झालीस गं!"

"तुमचे हात धरून धरून," मी म्हटलं, आणि मला रडूच फुटलं.

मग दोघांनी ठरवलं, कोणाला सांगायचं नाही. या वयात पुन्हा मागावर कोण बसवणार? काठी तशीच राहिली. गल्लीतून जाताना हे मुद्दाम दगडाला ठेचकाळायचे, आणि शेजारची उम्म ज़हीर, जी रोज यांच्यासाठी मसुराचं सार आणायची, ती हळहळायची.

यांनी स्वतःलाच एक नियम घालून घेतला. घसा उघडला की डोळे मिटायचे. वर पोचायच्या आधीच मिटायचे, उतरताना दोन वळणं झाली की उघडायचे. मी बायको, माझाही विश्वास बसेना. म्हणून एका दुपारी चोरपावलांनी मागून चढले. हे कडू काढा पिणाऱ्या पोरासारखे डोळे घट्ट आवळून उभे होते. मी गुपचूप खाली आले. मोसुलात इतका वेडा माणूस दुसरा नसेल.

रमजान आला तो उन्हाच्या तडाख्यात. महिना संपता संपता माणसं भिंतीला टेकून बोलायची. एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळे चंद्राची वाट बघत होते. दिसला तर उद्या ईद, नाहीतर आणखी एक रोजा. पश्चिमेला धुळीचा पडदा होता. काझीसाहेब मशिदीच्या अंगणात बसले होते. एका उंटवाल्याने वेशीबाहेर चंद्र पाहिल्याची साक्ष दिली होती, पण ईद जाहीर करायला दोन साक्षी लागतात.

हे खाली आले, खजूर तोंडात टाकला, पाणी प्यायले, आणि भाकरीला हातच लावला नाही.

"काय झालं?"

"डोळे वर करून उघडले. फक्त आभाळाकडे. धूळ क्षणभर फाटली. चंद्र आहे, वजीहा."

मी दार लोटून घेतलं. "दुसऱ्या कोणी पाहिला असेल. तुम्ही गप्प बसा."

"त्या उंटवाल्याशिवाय कोणी पाहिला नाही. ईदच्या दिवशी रोजा धरणं पाप. अख्ख्या गावाला पापात ढकलू?"

"आणि डोक्यावरचं छप्पर?"

"तेही आठवलं गं. पायऱ्या उतरताना प्रत्येक पायरीला आठवलं." त्यांनी काठी कोपऱ्यात ठेवली आणि तिच्याशिवायच बाहेर पडले.

मी बुरखा ओढून मागोमाग गेले. हे सरळ काझींसमोर उभे राहिले. "मी चंद्र पाहिला."

अंगणात हशा पिकला. "शेख, उन्हाने डोकं फिरलं वाटतं!"

काझी हसले नाहीत. "कोरीची टोकं कुठल्या बाजूला होती?"

"डावीकडे, जराशी वर."

उंटवाल्यानेही तेच सांगितलं होतं. काझींनी पाण्याचा पेला उचलून यांच्यापुढे धरला. यांनी तो अचूक घेतला. हसणं थांबलं.

"कधीपासून दिसतं?"

"हिवाळ्यापासून."

"म्हणजे उन्हाळाभर आमच्या गच्च्या बघत होतास?" मागून एक रंगारी ओरडला. मग एकच गलका झाला.

"वर डोळे मिटून असतो," हे म्हणाले. मीही ओरडले, मी पाहिलंय म्हणून. बायकोची साक्ष कोण धरतो!

काझींनी कपाळ चोळलं. तेही दिवसभराचे उपाशी होते. "खलफ, तू पाहिलाही असशील. पण जो इतके महिने आंधळा म्हणून वावरला, त्याच्या शब्दावर मी गावाचा रोजा सोडवू कसा? साक्षीदार खरा बोलणारा लागतो. उद्या रोजा."

घर गेलं आणि साक्षही गेली. त्या रात्रीची बांग मशिदीच्या दिवेवाल्याने दिली, बोकडासारखी.

दुसऱ्या दिवशी गाव उपाशी होतं. ज्याने स्वतः चंद्र पाहिला त्याला रोजा धरता येत नाही, आणि चारचौघांत खाल्लं तर मार पडेल. मी दार लावून भाकरी आणि खजूर मांडले.

"तू कशाला खातेस? तू कुठे पाहिलास?" हे म्हणाले.

"पाप लागायचं तर दोघांना लागू दे," मी म्हटलं. कोरडा घास गिळत आम्ही ईद साजरी केली. इतकी उदास ईद मी आयुष्यात पाहिली नाही.

संध्याकाळी आभाळ स्वच्छ झालं. चंद्र निघाला तो नखासारखा नव्हे, चांगला जाडजूड, वर चढलेला.

"हा तर कालचाच!" गल्लीत कोणीतरी म्हणालं.

"गप रे," दुसरा म्हणाला.  ईद उरकली की खोल्या रिकाम्या करा, हा मशिदीकडून आलेला निरोप मात्र तसाच राहिला.

सकाळी मी भांडी पोत्यात भरत होते, तेव्हा दार वाजलं. उम्म ज़हीर. हातात खजूर भरलेल्या करंज्यांची थाळी, आणि या दारात आयुष्यात पहिल्यांदाच तोंडावर बुरखा. उंबऱ्याबाहेरूनच ती म्हणाली, "शेखसाहेब, डोळे मिटा. मी आत येतेय."

यांनी मिटले. तिने थाळी ठेवली, माझा हात दाबला आणि निघून गेली. तिची पावलं गल्लीच्या टोकापर्यंत गेली, तरी हे तसेच डोळे आवळून बसून होते.

"उघडा आता," मी म्हटलं. "मीच आहे."