आतल्या बाजूची अक्षरं

नाव कोरणाऱ्या काकांची जीभ तिखट, पण हात देवाचा, असं गिऱ्हाइकं म्हणत. त्या दिवशी एक बाई चार वर्षांच्या लेकीसाठी कडं निवडत होती. पोरीच्या पोटात शेंगदाण्याचा कण गेला तरी तिचा श्वास कोंडायचा.

"काका, वर फूलच राहू द्या. शेंगदाणे चालत नाहीत, हे आतून कोरा. चारचौघांत कशाला दिसायला हवं?"

"आतून हवं असेल तर दुसरं दुकान बघा!" काका कडाडले.

पोरगी दचकून आईला बिलगली. काका वरमले. हत्यारांच्या खणातून त्यांनी एक इवलंसं कडं काढून बाईच्या हातात दिलं. त्यावर नाजूक वेल होती.

"उलटं करा."

आतल्या बाजूला मोत्यासारखी अक्षरं होती: दूध चालत नाही.

"बारा वर्षं झाली. हे ज्या पोराचं, त्याच्याही आईला आतूनच हवं होतं, मी मान डोलावली. पाळणाघरात नव्यानेच आलेल्या बाईंनी वेलीचं कौतुक केलं आणि दुधाचा पेला पुढे केला."

बाईने कडं पुन्हा सुलटं केलं.

"पोराचा बाप कडं परत द्यायला आला. वाटलं, शिव्या घालेल. तो एवढंच म्हणाला, 'अक्षर सुंदर आहे तुमचं.'"