अक्कांच्या दोन मशिनांतलं एक

अक्कांच्या मुलाचा फोन स्पीकरवर होता म्हणून मला ऐकू आला. "आई, इकडं कायमची येताना एकच मशीन आण. तुझ्या खोलीत जागा नाही. आणि कामाला सोसायटीत बाया आहेत, ती काळजी करू नको." मी खोबरं खवत होते. त्यानंतरचं खोबरं कसं खवलं, मला सांगता येणार नाही.

मी हिंगोलीकडची. नववीत शाळा सुटली. भावाच्या मागं बंगळूरला आले. इथलं काम संपल्यावर भाऊ पुढं हैदराबादला गेला आणि मी चामराजपेटेत अक्कांकडे घरकामाला राहिले. अक्का मराठीच, पण घराणं इथं इतकं जुनं की बोलण्यात निम्मं कानडी. तरी परक्या गावात माझी भाषा बोलणारं तेवढं एकच दार मला मिळालं. पहिल्या दिवसापासून त्यांनी मला आपल्या शेजारी पाट मांडून जेवू घातलं.

अक्कांना रेडिओचा नाद. ऐकायचा नव्हे, बोलायचा. त्याचा सरकारी परवाना असतो, तो त्यांनी देवाच्या फोटोंशेजारी लावलाय. रोज सकाळी म्हैसूर, हुबळी, कोइंबतूर इथले त्यांच्यासारखेच म्हातारे परवानेवाले हवेत ठरल्या जागी जमतात आणि एकमेकांची खुशाली विचारतात. त्यासाठी अक्कांकडे दोन जुनी मशिनं, काचेच्या व्हॉल्व्हची, म्हणजे आत बल्बसारख्या नळ्या असलेली.

थोरलं सगळंच व्हॉल्व्हचं. चालू केलं की आधी नारिंगी उजेड, मग तापलेल्या धुळीचा वास आणि मग कुठं आवाज. पण आवाज असा, की माणूस शेजारी चटईवर बसून बोलतोय. धाकट्यात व्हॉल्व्ह फक्त शेवटी, आवाज बाहेर फेकायला. ते लगेच बोलतं, पण पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखं. थोरलं नीट तापेपर्यंत त्याचा आवाज हवेतल्या ठरल्या जागेवरून सरकत राहतो. शिवाय बोलण्याआधी बटण फिरवून काटा सगळ्यात खाली जातो ती जागा झटकन पकडायची. उशीर झाला तर व्हॉल्व्ह लाल होऊन जळतात. अक्कांचा हात कापतो, जागा निसटते. म्हणून थोरल्याची बटणं मी लावते आणि अक्का बोलतात. धाकट्याची बटणं हलकी, त्यांवर अक्कांनी नेलपॉलिशच्या खुणा केल्यात. ते त्या एकट्या लावतात.

म्हणजे थोरलं गेलं, की माझं काय काम? हे मी कुणाजवळ बोलले नाही.

रविवारी अक्कांनी हवेतल्या मंडळींनाच कौल लावला. आधी थोरल्यावर बोलल्या, मग धाकट्यावर. "कुठलं चांगलं, खरं सांगा."

म्हैसूरचे आजोबा म्हणाले, "पहिलं पाच-नऊ." पाच म्हणजे शब्द स्वच्छ, नऊ म्हणजे जोर भरपूर. "आणि दुसरं?" "तेही पाच-नऊ." हुबळीचं तेच, कोइंबतूरचं तेच.

"अय्यो, यांना बिनमिठाचं सांबार वाढलं तरी पाच-नऊच म्हणतील," अक्का मला म्हणाल्या.

तेवढ्यात हुबळीवाले हसून म्हणाले, "पण अक्का, पहिल्या मशीनवर तुम्ही फार सरकत होता. आत्तापासूनच घर बदलायला निघालात की काय?"

अक्कांनी मशीन बंद केलं आणि माझ्याकडे वळल्या. "आता तूच सांग. तुझे कान तरुण आहेत."

"आवाज थोरल्याचा गोड आहे," मी म्हणाले. ते खरंच होतं. तेवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. "पण तुम्ही धाकटं न्या."

"का गं?"

"मी नसले तरी तुम्हाला ते लावता येतं. नाहीतर तुमचं सकाळचं बोलणं बंद पडेल."

"तू कुठं निघालीस?"

"तिकडे बाया आहेत म्हणाले ना दादा."

अक्का म्हणाल्या, "हात्तिच्या! म्हणून चार दिवस सारात मीठ जास्त पडतंय होय. तो बोलला, मी हो म्हटलं का?" आणि त्यांनी तिथंच मुलाला फोन लावला. "हे बघ, धाकटं मशीन आणतेय. थोरलं म्हैसूरवाल्यांना देते. आणि पोरगी माझ्याबरोबर येतेय."

"आई, पण ती झोपणार कुठं?"

"माझ्या खोलीत. थोरलं येत नाहीये ना, त्या जागेत. मशीन चार हात जागा घेतं, ही तेवढीही घेत नाही."

मी पदरानं मशीनची काच पुसत होते, ती केव्हाच पुसून झाली होती.

मग दादा म्हणाले, "बरं. गादी मी आणून ठेवतो. तिला विचार, कापसाची की फोमची?"

"काय गं, कुठली?" अक्कांनी फोन माझ्यापुढं धरला. मी नुसती मान डोलावली, ती फोनवर कुठली ऐकू जाणार.

"कापसाची आण," अक्का म्हणाल्या, आणि फोन ठेवला.