निशाणी बांगडी

दुपारचं जेवण झालं की मी आरामखुर्चीत पडतो. मांडीवर लिहायची पाटी, पाटीवर कोरा कागद, हातात उघडं पेन. कागद कोराच राहिल्याचा आज विसावा दिवस. डोळे मिटत येतात. पंख्याची घरघर ऐकू येत राहते, मग तिचे ठोके होतात, तांब्याच्या पत्र्यावर हातोडी पडावी तसे. मी अजून जागाच आहे, असं मला वाटतं.

समोरच्या स्टुलावर हौसाबाई तांबट बसल्या आहेत. त्यांना जाऊन आठ महिने झाले. मला आश्चर्य वाटत नाही. भीतीही वाटत नाही. फक्त उजवा हात बधिर झालाय, तो खुर्चीच्या दांडीखाली दबला असावा.

"काय दप्तरवाले, लिहिलं का?"

"नाही अजून."

"माझी मालन दोनदा येऊन गेली. चहा पाजून लावलीत परत."

"चहात साखर नव्हती घातली," मी सांगतो. "तिला चालत नाही म्हणाली."

"मोठं काम केलंत," हौसाबाई म्हणतात.

मी सदतीस वर्षं सरकारी दप्तरखान्यात होतो. मोडी वाचतो. निवृत्त झाल्यावर जुन्या कागदांसाठी कोर्टातून बोलावणी यायला लागली. तीन वर्षांपूर्वी हौसाबाईंच्या दाव्यात मी साक्ष दिली. कागद एकोणीसशे चौतीसचा, घराच्या वाटणीची याद. हौसाबाईंच्या विधवा चुलतीनं, धोंडाबाईनं, रस्त्याकडची बाजू घेतली आणि भट्टीसकट मागची बाजू दिराला, म्हणजे हौसाबाईंच्या वडिलांना सोडली. खाली धोंडाबाईची निशाणी. लिहिता न येणाऱ्या कुणब्याची निशाणी नांगर, बाईची बांगडी. बांगडी म्हणजे एक लहानसं वर्तुळ. धोंडाबाईची नातवंडं म्हणत होती की आजीनं असं काही दिलंच नाही.

मी डोळे चोळतो. आता आम्ही कोर्टात आहोत. न्यायाधीशांच्या खुर्चीमागे घंगाळी आणि हंडे रचलेत. साक्षीदाराचा पिंजरा तांब्याचा आहे, हाताला गार लागतो. समोरच्या पक्षाच्या वकिलाला चेहरा नाही. आवाज मात्र तोच.

"मजकूर आणि निशाणी एकाच हातची आहे?"

"होय," मी म्हणतो.

"म्हणजे ही बांगडी धोंडाबाईंनी काढलेली नाही?"

"नाही."

"बसा."

मी बसतो. तेव्हाही असाच बसलो होतो. दोन्ही उत्तरं खरी होती. बांगडी कागद लिहिणाराच काढायचा, हे मोडी वाचणाऱ्या कोणालाही ठाऊक असतं. बाई नुसतं बोरूच्या टोकाला बोट लावायची. मग लिहिणारा वर्तुळ काढायचा, त्याच्या एका बाजूला बाईचं नाव लिहायचा आणि खाली दस्तुर, म्हणजे लिहिणाऱ्याचं हस्ताक्षर, म्हणून आपलं. लिहिणारा हात त्याचा, कबुली तिची. एवढं एक वाक्य मी बोलायला हवं होतं. हौसाबाईंचा वकील नवखा, त्यानं काही विचारलं नाही. मला वाटलं, न विचारता बोललो तर पढीक म्हातारा शहाणपणा शिकवतोय असं दिसेल. आणि इतक्या लोकांसमोर माझी जीभच वळत नाही. निशाणी धोंडाबाईची नाही, असा निकाल झाला.

"मी मागच्या बाकावर होते," हौसाबाई म्हणतात. बाक आता त्यांच्या स्वयंपाकघरात आहे. चुलीवर कढई. "खाली उतरताना तुम्ही माझ्याकडं बघून मान हलवलीत."

"ओळख दाखवली."

"मला वाटलं, जिंकलो. घरी येऊन शिरा केला. मालन म्हणते, आई, निकाल तर लागू दे. म्हटलं, गप गं, दप्तरवाल्यांनी मान हलवलीय."

त्या कढईत उलथनं फिरवतात. कढई रिकामी आहे. मला रडू यायला हवं, पण येत नाही. मी कढईच्या कडा बघत राहतो. कल्हई चांगली आहे.

"मालननं अपील केलंय," मी म्हणतो. जणू त्यांना ठाऊक नाही. "उद्या तारीख. ती पद्धत मी प्रतिज्ञापत्रावर लिहून दिली तर वकील माझी साक्ष पुन्हा घ्यायला सांगणार आहेत. नाहीतर मालनला घर सोडावं लागेल."

"मग अडलंय कुठं?"

"मला विचारतील, तेव्हा का नाही बोललात?"

"विचारतील की."

"काय सांगू?"

"लाजलो म्हणून सांगा." त्या हसतात. "एवढ्या मोठ्या माणसाला लाज वाटते, हे त्या जजालाही कळू दे. धरा ते पेन."

मी पेन धरतो. हात माझा आहे की नाही, कळत नाही. हौसाबाई वाकतात आणि पेनाच्या वरच्या टोकाला तर्जनी लावतात. बोटावर घट्टे आहेत. वजन काहीच नाही.

"काढा."

मी वर्तुळ काढतो.

"ही कोणाची?"

"तुमची."

"हे एवढंच होतं," त्या म्हणतात. ठोके सुरू होतात, तेच पुन्हा पंख्याची घरघर होतात.

मी जागा होतो. साडेतीन वाजलेत. उजव्या हाताला मुंग्या आल्यात. पाटीवरच्या कागदावर एक वर्तुळ आहे, रुपयाएवढं, उजवीकडे किंचित उघडं राहिलेलं. मी भिंग लावून बघतो. शाई माझ्या पेनातली, रेघ माझ्या हातची. डावीकडून सुरुवात, शेवटी थरथर. झोपेत हात चालला असेल. शपथेवर विचारलं, तर मी असंच सांगेन.

मग वर्तुळाच्या एका बाजूला लिहितो, निशाणी बांगडी हौसाबाई तांबट. खाली लिहितो, दस्तुर अच्युत खासनीस.

तो कागद बाजूला ठेवतो, दुसरा घेतो आणि मालनला फोन लावतो. "संध्याकाळी ये," मी म्हणतो, "लिहून ठेवतो."

"नक्की ना, काका?" ती विचारते.

मी मान हलवतो. मग आठवतं, फोनवर ती दिसत नाही.

"हो," मी मोठ्यानं म्हणतो.