साळवे मॅडमच्या नावाचा हायमास्ट

आज संध्याकाळपासून मला किळस आली आहे, आणि ती लपवायची अजिबात इच्छा नाही.

साळवे मॅडमना जाऊन आज वर्ष झालं.

त्यानिमित्त आमच्या गावात, त्यांच्या घराच्या बरोब्बर समोर, हायमास्ट लागला. चौकात असतो तो, उंच खांबावरचा, चारी बाजूंनी फ्लडलाइटवाला. खाली पाटी, "साळवे मॅडम यांच्या स्मरणार्थ".

ज्यांना मॅडम माहीत नाहीत त्यांच्यासाठी सांगते.

त्या आम्हाला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवायच्या. रिटायर झाल्यावर त्यांनी गच्चीवर टेलिस्कोप बसवला, त्याला कॅमेरा जोडला आणि दुसऱ्या ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ग्रहांच्या मागे लागल्या.

ग्रह दिसत नाही. तो आपल्या ताऱ्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा उजेड किंचित कमी होतो, तेवढी घट मोजायची. याला ट्रान्झिट म्हणतात.

"लांबून येणाऱ्या ट्रॅक्टरच्या लाइटसमोरून पाकोळी गेली तर पाकोळी तुला दिसणार नाही. पण उजेड हलला हे कळेल," असं त्या सांगायच्या.

तारा जवळचा आणि तेजस्वी असेल तर जगातले मोठमोठे टेलिस्कोप त्या ग्रहावरची हवासुद्धा तपासतात. पण ग्रह समोर येणार कधी, हे आधी पक्कं माहीत हवं. मध्ये मध्ये कोणी मोजत राहिलं नाही तर अंदाज सरकत जातो आणि मोठा टेलिस्कोप भलत्याच वेळी बघत बसतो.

ते मोजत राहायचं काम मॅडमसारखी हौशी माणसं करतात. फुकट.

मॅडमनी धरलेल्या ग्रहाचा तारा तेजस्वी, म्हणून कॅमेरा दिपू नये यासाठी मॅडम फोकस मुद्दाम बिघडवून ठेवायच्या. गच्चीवर आलेला प्रत्येक जण स्क्रीन बघून सांगायचा, "मॅडम, धुरकट दिसतंय, रिपेअर करून घ्या." मॅडम "हो, घेते" म्हणायच्या आणि चहा द्यायच्या.

शेवटी हॉस्पिटलमध्ये मला म्हणाल्या, "सुनंदा, माझा ग्रह सोडू नकोस. वर्षातून एक तरी ट्रान्झिट घे."

मी हो म्हटलं.

पावसाळ्यात प्रश्नच नव्हता. नंतर दर वेळी ढगांनी घात केला. आजचा ट्रान्झिट अंधार पडल्या पडल्या होता आणि आभाळ स्वच्छ होतं. यंदाचा हा शेवटचा. आता तो तारा सूर्याच्या बाजूला जाईल.

साळवे काका, म्हणजे मॅडमचे मिस्टर, म्हणाले होते, "मग दुसरा कार्यक्रम कशाला? तिचं वर्षाचं पुण्यानुमोदन म्हनून ह्योच करू."

पण महिन्यापूर्वी साहेबांची माणसं काकांकडे येऊन गेली होती. साहेब म्हणजे आमच्याकडचे पुढारी. मॅडमच्या नावाने काहीतरी करायचंय म्हणाले.

काकांनी साधी गोष्ट सांगितली. मी समोर होते.

"काय करायचंच आसंल तर ह्यो गल्लीतला दिवा तेवढा वरून झाका. गच्चीवर लई उजेड येतो. ती कायम म्हनायची."

"झाकायचं काय घेऊन बसलात काका? मॅडमच्या नावाला शोभंल आसं मोठं काम करू."

हे त्यांचं मोठं काम.

फ्लेक्सवर साहेबांचा फोटो मॅडमच्या फोटोपेक्षा मोठा. मॅडमच्या डोक्यामागे कड्यांचा शनी. शनीचा त्यांच्या कामाशी काडीचा संबंध नाही, पण डिझाइनवाल्याला तोच सापडला.

मी दुपारीच माझं मेडिकलचं दुकान बंद करून साहेबांच्या कार्यकर्त्याला गाठलं. म्हटलं, आज दोन-तीन तास तरी लाइट लावू नका, हवं तर उद्या लावा.

"ताई, उद्घाटन आज हाय. आज बंद ठिवला तर लोकं काय म्हनतील?"

आणि माझ्याशी बोलता बोलताच त्याने सेल्फी काढला.

साहेब उशिरा, अंधार पडता पडता आले. भाषणात म्हणाले, मॅडम ताऱ्यांच्या उजेडात रमल्या, आता त्यांच्या नावाने गाव उजळेल. टाळ्या पडल्या. ज्यांनी एकदाही तो जिना चढला नाही, त्यांनी सगळ्यात जोरात वाजवल्या.

मग काकांना पुढे बोलावलं. शाल, नारळ, फोटो. "बटण काकांच्या हस्ते."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळं गाव बघत होतं. बटण दाबायला हात मोकळा हवा म्हणून त्यांनी नारळ माझ्याकडे दिला, आणि मी तो धरून उभी राहिले.

लाइट लागला.

काका आणि मी गच्चीवर गेलो. टेलिस्कोपला पुठ्ठा लावला, चादर बांधली, गच्चीच्या कोपऱ्यात सरकवून बघितला. फ्लडलाइट थेट गच्चीवरच येत होता.

आमचा तारा दिसत होता. तो तेजस्वीच आहे. पण त्याच्या शेजारचे मंद तारे सगळे बुडाले. आणि मोजायचं असतं ते शेजाऱ्यांशी ताडून. तारा खरंच मंदावला की आपल्याकडचीच हवा धुरकटली, हे शेजारी नसतील तर कळत नाही.

मॅडमचा ग्रह त्या वेळी तिथून जात होता. स्क्रीनवर नुसता पांढुरका राडा.

"घावला का?" काकांनी विचारलं.

"नाही काका."

ते पाण्याच्या टाकीला टेकून बसले. शाल अजून खांद्यावरच होती.

"तिनं एवढंच मागितलं हुतं, दिवा झाका म्हनून," ते म्हणाले. "आन बटन मीच दाबलं."

मी टेलिस्कोपला बांधलेली चादर सोडली आणि कॅमेरा बंद केला.

कमेंटमध्ये "भावपूर्ण श्रद्धांजली" लिहू नका, हात जोडलेले इमोजी टाकू नका. श्रद्धांजली फ्लेक्सवर छापलेली आहे. आता अंधार पडला तरी वाचता येते, मॅडमच्या गच्चीवरूनसुद्धा.

मॅडम, यंदाचा गेला. जयभीम.