सांजेला पडणारी मान

आमच्यात मामाच्या मुलीवर आतेभावाचा पहिला हक्क. म्हणून दौंडची मी शिरूरला आत्याच्याच घरात पडले. त्याचा फायदा मुलगी झाल्यावर कळला. लेक तीन वर्षांची झाली तरी धड बसेना, पण "तुझ्या माहेरचा दोष" असं म्हणायची आत्याला सोयच नव्हती. माझं माहेर तेच तिचं माहेर. मग तिनं सगळा राग शेजारणींच्या नजरेवर काढला.

रोज तिन्हीसांजेला मुलगी लुळी पडायची, मान खांद्यावर कलंडायची. आत्या लगेच मीठ-मिरच्या घेऊन दृष्ट काढायची. मुलगी झोपायची आणि सकाळी खरंच बरी असायची, मान उचलून हसायची. मग आत्याचा तोरा बघून घ्यावा. मी सायन्सची बारावी पास, मला या प्रकाराची भयंकर लाज वाटायची. डॉक्टरांपुढे मी तो विषय कधीच काढला नाही. नवरा रांजणगावच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला की आम्ही दवाखाना गाठायचो, त्यामुळे डॉक्टरांनी ती कायम लुळीच पाहिली. जन्मताना मेंदूला इजा झालीय, हे असंच राहणार, असं दोन डॉक्टरांनी सांगितलं. मी रडले आणि मान्य केलं. आत्यानं काही मान्य केलं नाही.

पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात ती हट्टानं सोबत आली. डॉक्टरीणबाई माझ्याशी बोलत होत्या, तेवढ्यात ही मध्येच म्हणाली, "मॅडम, रोज सांच्याला पोरीची मान पडती. म्या दृष्ट काढती आन् सकाळी ती मान धरती. म्हंजी गुण हाय का न्हाई?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाईंनी मात्र हातातला पेन खाली ठेवला. "आजी, हे पुन्हा सांगा. सावकाश."

सांजेला गळून जाणं आणि झोपेनं सावरणं, हीच एका दुर्मीळ आजाराची खूण होती. मेंदूला लागणारं एक द्रव्य मुलीच्या शरीरात पुरेसं बनत नव्हतं. दोष नवऱ्याकडून आणि माझ्याकडून, दोन्हीकडून आलेला. ते द्रव्य गोळीतून देता येतं, गोळी मात्र जन्मभर. हे आधी का नाही सांगितलं, असं बाईंनी मला विचारलं.

पाव गोळीनं सुरुवात झाली. चौथ्या दिवशी संध्याकाळी सातला ती माझ्या मांडीवर ताठ बसून टीव्ही बघत होती. ओव्हरटाइम करून आलेला नवरा दारात डबा हातात घेऊन तसाच उभा राहिला. मी आनंदानं वेडी झाले होते. रोग आपणच शोधला, असं आत्या आता गावभर सांगते, आणि त्यात खोटं काही नाही.

गोळीला आता वर्ष होऊन गेलं. परवा आम्ही दौंडला होतो. दिवेलागणीला लेकीनं मळलेल्या कणकेत मूठभर माती कालवली. एवढ्या वर्षांत तिला रागवायची वेळच आली नव्हती. मी लाटणं उगारलं तशी ती अंगणातून थेट रस्त्याकडे पळाली, आणि तिला पकडायला मला खरोखर धावावं लागलं.