यंत्रातली दाटी

चपला काढून आत जायची खोली म्हटली की जयवंताला देऊळ आठवायचं, आणि देऊळ म्हटलं की दारातूनच परत फिरवलेली आजी. म्हणून कोराडीच्या वीजकेंद्रात नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "चपला बाहेर काढा आणि आत या," तेव्हा तिचे पाय क्षणभर उचलेनात. आत या! दार उघडलं. थंडगार हवेचा झोत अंगावर आला. बाहेर कोळशाचे ट्रक, राखेचा थर आणि डोळ्यांत जाणारी धूळ. आत मात्र स्वच्छ फरशी, कपाटांएवढी उंच यंत्रं, त्यांवर लुकलुकणारे दिवे आणि एकसंध, गंभीर घरघर. नाटकाची तिसरी घंटा झाल्यावर अंधारात बसलेल्या प्रेक्षकाचं जे होतं, तेच तिचं झालं. आता काहीतरी अजब घडणार याची खात्री पटली.

चपला काढायच्या त्या फक्त धुळीसाठी, हे तिला नंतर कळलं. त्या यंत्राला धूळ चालत नव्हती. माणूस कोणाच्या पोटचा हे त्याला ठाऊकच नव्हतं.

जयवंताचं काम होतं कार्डांना भोकं पाडायचं. टाइपरायटरसारखी कळपाटी, आणि प्रत्येक कळीसरशी जाड कागदाच्या कार्डात एक चौकोनी भोक. ती कार्डं यंत्राला वाचता येत. तिची बोटं अशी चालत की शेजारच्या मुली काम थांबवून बघत राहत. ती चपळाई आईकडून आली होती. भीमाबाईचा सारा जन्म पाचपावलीच्या वस्तीत विड्या वळण्यात गेला होता.

"काय करून राहिली वं तू तिथं दिवसभर?" भीमाबाईनं एकदा विचारलं.

"कार्डाले भोकं पाडून राहिली, माय."

"अन् भोकं पाडाचा पगार देते सरकार?" भीमाबाई पदर तोंडाला लावून हसली. "तुया बापाच्या सदऱ्याले तर फुकटच पडते!"

वर्षं गेली. लग्न झालं, दोन मुली झाल्या. कार्डं गेली, पडदे आले, कपाटाएवढी यंत्रं टेबलावर मावू लागली. जयवंताचं अप्रूप मात्र जागच्या जागी राहिलं. नुसतं बसलेलं यंत्र मध्येच बोलू लागेल की काय, अशा नजरेनं ती त्याच्याकडे बघायची. ती म्हणायची, "एवढ्याशा डब्यात इतकं सारं राहते कसं, हे मले अजून समजलं नाही. समजू पण नये. समजलं तर मजा जाईल."

आणि मग १९८८ चा दसरा आला.

दसऱ्याला दीक्षाभूमीवर काय होतं ते ज्यानं पाहिलं त्याला सांगायची गरज नाही, आणि ज्यानं पाहिलं नाही त्याला सांगून पटत नाही. नजर जाईल तिथवर पांढरी लुगडी आणि पांढरे सदरे. ट्रकांतून, गाड्यांच्या टपांवरून, पायी, डोक्यावर भाकरीचं गाठोडं घेऊन माणसं येत राहतात आणि त्या मैदानात मिसळून जातात. छप्पन साली तिथं धम्म घेतलेले लोक आपल्या नातवंडांना जागा दाखवत असतात, "मी इथं उभा होतो." अशा गर्दीत माणूस हरवायला किती वेळ लागतो? एक हात सुटतो, बस्स.

वीजकेंद्राच्या वसाहतीतल्या मंडळानं त्या वर्षी हरवलेल्यांचा मांडव टाकला आणि त्यात संगणक आणला. मंडळाचे अध्यक्ष गोपाळराव, निवृत्त हेडमास्तर. यंत्र दिलं होतं धंतोलीत संगणक शिकवणाऱ्या मार्तंड नावाच्या तरुण इंजिनिअरनं, आणि कळपाटीवर बसवली होती जयवंताला. कल्पना साधी होती. मैदानाच्या चारी बाजूंना सापडलेली माणसं जिथं बसवली जात, तिथून सायकलवर चिठ्ठ्या येत. नाव, गाव, वय, कपडे, अंगावरची खूण. ते सगळं जयवंता यंत्रात घालायची. कोणी शोधत आलं की त्याचं वर्णन यंत्राला द्यायचं, आणि यंत्र शेकडो नोंदी एका दमात पडताळून जुळणारी माणसं काढून द्यायचं.

पण मंडळाचं यंत्र म्हणजे मंडळाचंच. नुसतं कोरं कसं ठेवायचं? लोक बुद्धविहाराला जसे घड्याळ, पंखा, सतरंजी दान देतात, तसंच दान यंत्रालाही मिळालं. गोपाळरावांनी पुण्याच्या भाच्याकडून एक फ्लॉपी मागवली होती. तिच्यामुळे दर तासाला यंत्रातून वंदनेची धून वाजे. वीजकेंद्रातल्या देवाजी फोरमननं कोपऱ्यात सतत चालणारं घड्याळ दिलं. मार्तंडनं स्वतः पडद्याच्या वरच्या कडेला फडफडणारा झेंडा केला. आणि सगळ्यांत शेवटी जयवंतानं घातला पिंपळ. वीजकेंद्रात जेवणाच्या सुट्टीत, कित्येक महिने, ठिपक्याला ठिपका जोडून तिनं तो काढला होता. काम थांबलं की पडद्यावर तो हळूहळू उगवे, आणि एकेक पान हले. भीमाबाईला तो दाखवला तेव्हा म्हातारीनं आधी पदर डोक्यावर घेतला होता. मग पडद्याला लांबूनच हात जोडले होते.

सकाळी यंत्र सुरू व्हायलाच फार वेळ लागला. जनरेटरची वीज वरखाली होत होती. चार वेळा खटपट करून एकदाचं ते उठलं तेव्हा मांडवात टाळ्या पडल्या. "आता याले बंद करू नका गा कोणी," देवाजीनं तंबी दिली, "पुन्हा उठलं नाही तर इथंच याची शोकसभा घ्या लागन."

सकाळचे काही तास चमत्काराचे होते. तुमसरचा एक म्हातारा, काटोलची दोन भावंडं, एक नवी नवरी, यंत्रानं सगळे पटापट जुळवून दिले. प्रत्येक वेळी जयवंताच्या अंगावर शहारा येई.

दुपारी कौशल्या आली. गोंदियाकडच्या एका खेड्यातली, तिशीतली बाई, रडून रडून आवाज बसलेला. तिची सासू अंजनाबाई पहाटेपासून सापडत नव्हती.

"भोंग्यावरून पुकारलं न?" जयवंतानं विचारलं.

"सकाळपासून पुकारून राहिले, बाई. पण तिले ध्यानात राहत नाही काही. कधी मले ओळखते, कधी म्हणते तू कोण वं." कौशल्यानं पदरानं नाक पुसलं. "आमचा ट्रक चारले निघते. दीर म्हणते, तू चाल, आपण मागून पाहू. कशी जाऊ मी? माझ्या भरवशावर आली ते."

"खूण सांग."

"पांढरं लुगडं, निळे काठ."

मांडवात असलेल्या सगळ्या बायकांनी आपल्या लुगड्याकडे पाहिलं. कौशल्याच्याही ते लक्षात आलं, आणि ती आणखीच रडू लागली. मग आठवून म्हणाली, "डाव्या डोळ्यात फूल आहे तिच्या. पांढरं."

जयवंतानं वर्णन घातलं आणि शोधायचा हुकूम दिला. यंत्र क्षणभर घरघरलं आणि थांबलं. पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ आली. मेमरीत जागा नाही.

पुन्हा हुकूम दिला. पुन्हा तीच ओळ.

मार्तंड धावत आला, वाकला, ओठ चावले. "नोंदी वाढल्या, ताई. सगळ्या नोंदी एकदम समोर मांडल्याशिवाय याला जुळवता येत नाही, आणि मांडायला जागा उरली नाही."

"काहून? सकाळी तर होती."

"सकाळी नोंदी थोड्या होत्या. आणि आपण ही दानं घातलीत ना, ती काम झालं तरी उठत नाहीत. धून तासातून एकदा वाजते, पण तासभर आत बसून असते. घड्याळ बसलंय, झेंडा बसलाय, पिंपळ बसलाय. जाग्यावरून कोणी हलत नाही."

जयवंताला चित्र स्वच्छ दिसलं. रंगपटात मावणार नाहीत इतके नट, आपापलं एकेक वाक्य बोलून झालेले, तरी पगडी न उतरवता रंगमंचावरच मांडी ठोकून बसलेले. आणि नायकाला पाऊल टाकायला जागा नाही.

"मग उठवा त्यायले."

"उठवता येतं. पण ट्रकसारखं आहे. जो शेवटी चढला तो मागच्या फळक्याशी बसलाय. आधी तो उतरल्याशिवाय आतला उतरत नाही. बंद करून नव्यानं सुरू केलं असतं, पण…" त्यानं जनरेटरकडे पाहिलं.

शेवटी चढला होता तो पिंपळ.

जयवंतानं पडद्याकडे पाहिलं. तिच्या बोटांना तो पिंपळ पानापानानं पाठ होता. फ्लॉपीवर तो शाबूत राहणार हे तिला माहीत होतं. पण संध्याकाळी भीमाबाई मोठ्या आशेनं तो पुन्हा पाहायला येणार होती, सोबत वस्तीतल्या बायका घेऊन. जयवंतानं कौशल्याकडे पाहिलं. कौशल्या तिच्या बोटांकडे बघत होती.

तिनं कळ दाबली. पिंपळ गेला. शोधायचा हुकूम दिला. जागा नाही.

मार्तंडनं झेंडा उतरवला. जागा नाही.

"आता माझं घड्याळ काय?" देवाजी म्हणाला. "घ्या गा, काढा. तसंही दहा मिनिटं मागंच होतं ते." लोक हसले. घड्याळ गेलं. तरी जागा नाही.

राहिली धून. सगळे गोपाळरावांकडे वळले. गोपाळराव काठीवर दोन्ही हात ठेवून ताठ बसले होते. "वंदना काढणार?" ते म्हणाले. "आजच्या दिवशी? या जागेवर?"

मंडळात दिलेलं दान परत काढण्याची रीत नव्हती. एका विहारात दोन-दोन बंद घड्याळं भिंतीवर तशीच होती, कारण देणाऱ्याचं मन मोडायचं नव्हतं.

जयवंता उठली, त्यांच्यासमोर खाली बसली. "गुरुजी, मी नाही काढत. तुमचं दान आहे, तुम्हीच काढा. तुमच्या हातानं काढलं तर ते परत घेतलं असं नाही होत. ते पुढं दिलं असं होते."

गोपाळरावांनी बराच वेळ काठीची मूठ चोळली. मग कौशल्याला म्हणाले, "तुझी सासू छप्पनमध्ये इथं होती का गं?"

"होती म्हणते. बैलगाडीनं आली होती. तेच एक तिले विसरत नाही."

म्हातारा उठला. आयुष्यात पहिल्यांदाच त्यानं संगणकाच्या कळीला बोट लावलं. मार्तंडनं दाखवली ती कळ त्यानं अशी दाबली, जणू कुणाच्या डोळ्याची पापणी मिटतो आहे.

जयवंतानं हुकूम दिला.

पडदा काळा झाला. आणि मग त्या काळ्यावर नावं सरकू लागली. खालून वर, एकामागून एक, त्या दिवशी त्या मैदानात हरवलेली सगळी माणसं. पवनी, साकोली, ब्रह्मपुरी, उमरेड, बालाघाट. एवढ्याशा डब्यातून अख्खा मुलूख चालत निघाला होता. गोपाळरावांचे ओठ हलत होते.

सरकणं थांबलं. तीन नावं उरली. सत्तरीपुढची बाई, डोळ्यात फूल. एक उमरेडची, उजवा डोळा. एक तर सकाळीच घरी गेलेली. तिसरी, डावा डोळा, पूर्वेच्या फाटकाजवळचा तंबू. नाव मंजुळा, गाव पवनीजवळचं.

"ही नाही," कौशल्या म्हणाली, आणि तिचे खांदे पडले. "माझ्या सासूचं नाव अंजनाबाई. पवनी आमचं गाव नाही."

"तुझ्या सासूचं माहेर कोणतं वं?" जयवंतानं विचारलं.

कौशल्यानं मान वर केली. "पवनीकडचंच… पण नाव?"

"लग्नाच्या आधी तिले काय म्हणत होते?"

सासूला लग्नाआधी दुसरं नाव असेल, हे सुनेच्या मनातही कधी आलं नव्हतं. लग्नात नाव बदललं की जुनं नाव माहेरच्या ओट्यावर राहतं, आणि ते हाक मारणारी माणसं एकेक करून निघून जातात. जयवंताला आपल्याच आईचं माहेरचं नाव आठवेना, आणि त्या विचारानं ती हादरली. सकाळपासून भोंगा अंजनाबाईला हाका मारत होता. ती म्हातारी तंबूत शांत बसून ऐकत असेल, आणि मनात म्हणत असेल, कोण बिचारी ही अंजनाबाई, सापडत कशी नाही.

जयवंता आणि कौशल्या गर्दीतून धावत निघाल्या. मार्तंड पुढं वाट काढत होता.

तंबूत कडेला, गुडघे पोटाशी घेऊन, एक लहानखुरी म्हातारी लाडू खात बसली होती. डाव्या डोळ्यात पांढरं फूल. कौशल्या तिच्या पायाशी कोसळली. "आत्या! कुठं गेली होती वं?"

म्हातारीनं तिच्याकडे अनोळखी नजरेनं पाहिलं आणि लाडू पदराआड केला.

कौशल्यानं वळून जयवंताकडे पाहिलं. मग डोळे पुसले, समोर नीट बसली आणि सुनेनं सासूला कधीच मारू नये अशी हाक मारली. "मंजुळा, चाल वं. गाडी जुंपली."

म्हातारीचा चेहरा उजळला. "आली का गाडी?" ती म्हणाली, आणि उठण्यासाठी हात पुढं केला. कौशल्यानं तो धरला तो मनगटापासून, घट्ट. ट्रक सुटायला अजून वेळ होता. दोघी चालू लागल्या आणि पाहता पाहता त्या पांढऱ्या गर्दीत कोणत्या त्या दोघी हे ओळखू येईनासं झालं.

जयवंता मांडवात परतली तेव्हा भोंगा गोपाळरावांच्या हातात होता. हेडमास्तरी आवाजात ते सांगत होते, "हरवलेल्या आयाबहिणींच्या नातेवाइकांनो, येताना त्यांचं माहेरचं नाव विचारून या. माहीत नसेल तर माहीत असणाऱ्याला शोधून आणा." खुर्चीसमोर माणसांची नवी रांग लागली होती. संध्याकाळी भीमाबाई आली, वस्तीतल्या बायका घेऊन. पडद्यावर पिंपळ नव्हता. नुसती नावं सरकत होती.

"झाड कुठं गेलं वं?" तिनं विचारलं.

"जागा द्या लागली, माय," जयवंता नजर न वळवता म्हणाली, आणि मग हात थांबवून तिनं आईकडे पाहिलं. "माय, तुले माहेरी काय म्हणत होते?"

भीमाबाईनं सोबतच्या बायकांकडे पाहिलं आणि लाजली. मग पुढं वाकून लेकीच्या कानात सांगितलं.